दगड जागेवर आहे

भटू, तुझ्या दगडाला ओटा बांधायचं चाललं होतं. निंबाखाली विटा अजून पडून आहेत. सुभाषआप्पांनी सिमेंटच्या गोण्या आणल्या, वर ताडपत्रीही टाकली. पंधरा दिवसांमागे शहाद्याहून दोन बाया रिक्षा करून आल्या, नारळ फोडला आणि मला विचारलं, आगीत ज्याला झळ लागली नाही तो म्हसोबा हाच का? मी हो म्हटलं. हसू यायला हवं होतं, नाहीतर रडू. दोन्ही आलं नाही. त्यांच्या बाटलीत पाणी भरून दिलं आणि अंगणवाडीला गेले.

तू गेल्यापासून असंच आहे. पोरांची वजनं घेते, खिचडी चाखते, रजिस्टर भरते. संध्याकाळी मंगलाजवळ जाऊन बसते. तुझी बायको काही बोलत नाही आणि मीही बोलत नाही. आपल्या ब्राह्मणपुरी गावातले लोक म्हणतात, आक्का मोठी खंबीर आहे. खंबीर कसली, डोंबल! जीभ भाजली की दोन दिवस कशालाच चव लागत नाही, तसं झालंय. फक्त दोन दिवसांचे दोन महिने झाले.

हे पुस्तकी मराठीत लिहितेय म्हणून तू हसशील. "आक्का, तू रजिस्टरनागत बोलस," असं तू चारचौघांत म्हणायचास. खरंच आहे. वीस वर्षं रजिस्टरं भरली, आता हात तसाच चालतो. घरात आपण अहिराणीच बोललो. पण अहिराणीत लिहायला बसले की तुझा आवाज येतो, आणि आज मला तो नको आहे. आज मला तुझं न ऐकता बोलायचं आहे.

तुझ्या नोकरीला गाव हसायचं, आठवतं? जमिनीखालून पेट्रोल-डिझेलची नळी जाते आणि भटू वरून चालून ती तपासतो, ही काय नोकरी झाली? अंगात केशरी जाकीट, हातात काठी, गळ्यात शिट्टी आणि ते कंपनीचं यंत्र, जे तू कुठे किती वेळ थांबलास ते साहेबाला सांगायचं. रोज तीच वाट. कुणी खणतंय का, कुठे माती ओली आहे का, कुठे गवत उगाच पिवळं पडलंय का, वास येतोय का. माझ्या शेतात पोचलास की पाणी प्यायचास, आणि मी चहाला थांब म्हटलं की गळ्यातल्या यंत्राकडे बोट दाखवायचास. मग चहा प्यायचासच. तुझे दाजी एकदा म्हणाले, ती नळी पळून थोडीच चाललीय, रोज काय बघायचं? त्यावर तू शांतपणे म्हणालास, "नळी नही दाजी, वाघ शे तो. झोपेल शे तोवर ठीक शे."

गावाला तू दोन वाक्यं शिकवली होतीस. आधी फोन, मग फावडं. आणि दगडापासून दहा पावलं. ग्रामसभेत सांगितलंस, शाळेत सांगितलंस, माझ्या अंगणवाडीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांनासुद्धा पाठ करायला लावलंस. ती अजून खिचडीच्या रांगेत ओरडतात, दगडापासून दहा पावलं. फोनचं वाक्य कुणी ओरडत नाही. लोकांनी सोपं तेवढं लक्षात ठेवलं, आणि लोक म्हणजे मी पण.

आता दगडाचं. पहिली पपई लावली त्या वर्षीची गोष्ट, म्हणजे चार वर्षं झाली. खाली नळी आहे हे दाखवणारा कंपनीचा तो पिवळा दगड आमच्या शेताच्या तोंडाशीच होता, सुभाषआप्पांच्या बांधाजवळ, ट्रॅक्टर आत वळतो बरोबर तिथे. ट्रॉलीचं चाक दर वेळी त्याला घासायचं. एकदा टायर फाटलं. तुझे दाजी दोन दिवस त्या दगडाला शिव्या देत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहार घेतली, दगड उपटला, आणि आम्ही दोघांनी ढकलत ढकलत तो बारा पावलं पलीकडे निंबाच्या सावलीत नेऊन रोवला. मीच म्हटलं होतं, बारा पावलांनी काय होतं? नळी काय दगडाला बांधलीय?

तू दुसऱ्या दिवशी येणार आणि दगड परत जागेवर न्यायला लावणार हे मला माहीत होतं. म्हणून मी डोकं चालवलं. माझं डोकं! शनिवार होता. मारुतीच्या देवळातून वाटीभर शेंदूर आणला, तेलात कालवला आणि दगडाला वरून खालपर्यंत फासला. कंपनीचं नाव, नंबर, धोक्याची खूण, सगळं शेंदराखाली गेलं. वर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि पुढे अगरबत्ती खोचली.

तू आलास. आधी शेताच्या तोंडाशी तो खड्डा बघितलास, मग इकडेतिकडे बघितलंस.

"आक्का, मन्हा दगड कोठे गया?"

"दगड नही रे, देव शे तो. लाव हात, मी देखस."

तू त्या शेंदराकडे वाकून बघितलंस. मग म्हणालास, "आते यान्हा पाया पडू का यान्ही तक्रार करू?" आणि हसलास. भटू, तिथेच चुकलास. तू तेव्हा रागावला असतास तर मी ऐकलं असतं. तुझ्या रागाला मी लहानपणापासून भ्यायची, कारण तो फार क्वचित यायचा. पण तू हसलास, चहा प्यायलास, आणि म्हणालास की आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, शेत मोकळं झालं की आपण दोघं मिळून तो सरकवू. संध्याकाळी वहीत लिहिलंस, दगड जागेवर आहे, सर्व ठीक.

आखाजी आली तेव्हा मी म्हटलं, सणाच्या दिवशी देव हलवतात का? दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर पपईची तोड होती. पुढच्या आखाजीला तू परत विचारलंस. त्याच्या पुढच्याला तू नुसतं माझ्याकडे बघितलंस आणि मी विषय बदलला, पपई झाड आहे का भाजी, हा. नळीच्या पट्ट्यात झाड लावायचं नाही हा तुझा नियम, आणि पपई म्हणजे भाजी, तिला लाकूडच नसतं, हा माझा मुद्दा. कंपनीच्या लेखी खोड आलं की झाड, असं तू म्हणायचास. हे भांडण आपलं अजून मिटलेलं नाही. त्या भांडणाआड दुसरं लपवता यायचं, म्हणून मी ते मिटूही दिलं नाही.

आणि गाव बघ. कुणाची हरवलेली म्हैस त्या निंबाखाली सापडली, झालं, म्हसोबा नवसाला पावला. तोडीला येणारे मजूर आधी त्याच्यापुढे चिमूटभर पीठ ठेवायला लागले. सगळ्यात वाईट ऐक. मीही पाया पडायला लागले. आपल्या हाताने फासलेला शेंदूर, आणि त्याच्यापुढे हात जोडून म्हणायची, लेकराबाळांना सुखी ठेव. चार वर्षांत तो दगड कुठून आला हे मी खरोखर विसरले होते. लोकांना हे पटणार नाही, पण तुला पटेल.

माघात सुभाषआप्पा आले. त्यांना विहिरीचं पाणी पलीकडच्या शेतात न्यायचं होतं, आमच्या कडेने पाइप टाकू देता का, विचारायला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हटलं, न्या ना आप्पा, फक्त दगडापासून दहा पावलं सोडा.

हे मी म्हटलं. तुझं वाक्य, तुझ्यासारखंच, जरा हेल काढून. फोनचं म्हटलं नाही.

आप्पा सरळ माणूस. त्यांनी निंबाखालच्या दगडापासून बांधाकडे दहा पावलं मोजून सोडली, वर दोन जास्तीची सोडली, आणि बाराव्या पावलावर जेसीबी लावला.

सकाळी नऊचा सुमार होता. तू नाल्यापलीकडून शिट्टी वाजवत पळत येताना आप्पांनी पाहिलं, पण जेसीबीच्या आवाजात शिट्टी कुठली ऐकू येणार. तू पोचायच्या आत दात लागला होता. मी अंगणवाडीत हजेरी घेत होते. वास आला. पंपावर येतो तसा, पण पंप तर शहाद्यात. मी पोरांना मागच्या दाराने शाळेकडे काढलं, वाऱ्याच्या उलट्या बाजूने, तू शिकवलं होतंस तसं. बाकी सगळं मला नंतर कळलं.

तू जेसीबी बंद करायला लावलास, ड्रायव्हरला खाली ओढलंस. आप्पांना रस्ता अडवायला पाठवलंस. पळता पळता कंपनीला फोन केलास. आणि मग नाल्याकडे धावलास, कारण वारा तिकडे होता आणि नाल्यात तोरणमाळच्या बाजूने तोडीला आलेल्या पावरा मजुरांच्या झोपड्या होत्या, चुली पेटलेल्या. तू चुलींवर पाणी ओतायला लावलंस, सगळ्यांना वर टेकाडावर नेलंस आणि मोजलंस. एक माणूस कमी भरला. तू पुन्हा मोजलंस. तरी एक कमी. त्यांची भाषा तुला नीट येत नव्हती आणि तुझी त्यांना. तू खाली परत गेलास.

तो माणूस, वेस्ता, गावात तंबाखू आणायला गेला होता. एका चुलीत राखेखाली निखारा राहिला होता.

तुझं हे मोजायचं वेड कुठून आलं, ते फक्त मला माहीत आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत मी तुझा हात सोडला होता. बांगड्या बघत होते मी, तू पाच वर्षांचा. अख्खी दुपार तुला शोधलं. सापडलास तेव्हा एका घोडेवाल्याच्या तंबूजवळ उकिडवा बसून घोड्यांचे पाय मोजत होतास. बाबांनी मला दिलेली थप्पड आठवते, आणि तू केलेली तक्रार, की तुम्ही निघताना मोजलं का नाही? तेव्हापासून लग्न असो, मयत असो, गाडीत बसायच्या आधी भटू माणसं मोजणार. आम्ही चिडवायचो तुला, मेंढपाळ म्हणायचो.

धुळ्याच्या दवाखान्यात तू दोन दिवस होतास. पहिल्या दिवशी बोलत होतास. मंगला बाहेर भिंतीला टेकून बसली होती, तिला आत येववत नव्हतं. मी आत आले. तोंडापुरतं सोडून सगळं अंग पट्ट्यांनी पांढरं. तू म्हणालास, "गिनती बरोबर शे ना, आक्का?"

मी म्हटलं, "शे. सर्वा शेतस."

मग तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. थोड्या वेळाने म्हणालास, "दगडनी गोट कोनले सांगू नको."

एवढंच. तुझं शेवटचं बोलणं हेच. तू काय विचार केलास ते मला कळत होतं. दगड हलवणं गुन्हा आहे, तूच सांगायचास सगळ्यांना. माझी अंगणवाडी जाईल, तुझ्या दाजींच्या मागे पोलीस लागतील. अंग भाजलेलं असताना तू हा हिशेब केलास, आणि मी हो म्हटलं. मान हलवून हो म्हटलं. तुझ्यासमोर दुसरं काय म्हणणार होते?

तुला रागवायचं आहे मला. कुणावर रागवू? परत गेलास म्हणून रागवावं तर मीच तुला मोजायला लावलं होतं. गप्प राहिलास म्हणून रागवावं तर गप्प मीच बसवलं होतं. रात्री-अपरात्री नव्हे, भर दुपारी, डाळ शिजत असताना मला एकदम वाटतं की तू आता येशील, यंत्राकडे बोट दाखवशील आणि चहा पिशील. मी दोन कप मांडते. मग एक उचलून ठेवते.

दहाव्याला वेस्ता आला. दाराबाहेर चपला काढून नुसता बसला. चहा दिला तो हातात धरून ठेवला, प्यायला नाही. मग आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "मी सांगून जायला पाहिजे होतं, बाई." मी त्याला म्हटलं, तुझी काय चूक, माणूस तंबाखूला जातोच. तो गेला. आणि मी तिथेच बसून राहिले, कारण त्या वाक्यातलं अक्षर न् अक्षर माझं होतं आणि बोलला मात्र तो होता.

नंतर कंपनीचे साहेब आले, चौकशीचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तुझी नोंदवही समोर ठेवली. चार वर्षं, रोज, तुझ्या त्या गोल अक्षरात, दगड जागेवर आहे, सर्व ठीक. आणि जमिनीवर दगड बारा पावलं दूर. कुणी हलवला, त्यांनी गावात सगळ्यांना विचारलं. गाव म्हणालं, हलवला कसला, तो स्वयंभू आहे. साहेब मला म्हणाले, बाई, तुमचा भाऊ चांगला होता हे सगळे सांगतात, पण कागद त्याच्याविरुद्ध बोलतोय. मला लिहावं लागेल की गस्तवाल्याच्या निष्काळजीपणामुळे झालं. मी मान हलवली. तुझ्यासमोर हलवली होती तशीच.

निष्काळजी. तू! माणसं दोनदा मोजणारा.

तुझ्या घरी गेले तर पूनम बसली होती. धुळ्याला नर्सिंग शिकणारी तुझी पोर, सुट्टीत आलेली. तिच्या मांडीवर तुझी कच्ची वही होती, ज्यात तू आधी लिहायचास आणि मग कंपनीच्या वहीत उतरवायचास. पानं उलटत होती. मला म्हणाली, "फुई, पप्पांनी वहीत खोटं लिहिलं होतं का?"

मी म्हटलं, मला नाही माहीत. स्वतःच्या भाचीला. तिने वही मिटली आणि कपाटात कपड्यांच्या खाली ठेवली. पूर्वी ती वही देवाच्या फळीवर असायची.

तिथून पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. गावात बोलणं फिरलं होतं. एक म्हणे, भटूने लक्ष दिलं नाही. दुसरा म्हणे, तसं नाही, म्हसोबाच्या जागेत खणलं म्हणून देव कोपला. सुभाषआप्पांनी दुसरं धरलं. त्यांना काहीतरी धरायला हवंच होतं, बिचाऱ्यांना. जेवण सुटलं होतं त्यांचं. ओटा बांधायचं त्यांनीच काढलं. माझ्याकडे परवानगी मागायला आले, शेत आमचं म्हणून. दारात उभे राहून म्हणाले, "दहा पावलं मोजीसन सोडेल व्हतात मी, आक्का. कोनी मानत नही." सत्तरीचा माणूस. हेच वाक्य मला पाचव्यांदा सांगत होता.

तुझे दाजी म्हणाले, गेलेल्याचा शब्द मोडू नये. आपल्यासाठीच तो बोलून गेला. मी त्यांना म्हटलं, तो आपल्यासाठी बोलला, त्याच्यासाठी कोण बोलणार? ते उठून गोठ्यात गेले. बऱ्याच वेळाने आले आणि म्हणाले, पहार माझ्या हातात होती, माझंही नाव सांग. चाळीस वर्षांच्या संसारात मला हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा कळला, असं म्हणणार होते, पण तेही खरं नाही. तेव्हा मला काही वाटलंच नाही. मी भाकरी थापायला बसले.

आधी पूनमला सांगितलं. मंगलाच्या स्वयंपाकघरात, मंगला समोर असताना. सगळं, शेंदराच्या वाटीपासून. शेवटी पूनमने एवढंच विचारलं, पप्पांना माहीत होतं? मी म्हटलं, माहीत होतं. म्हणून खोटं लिहायचा. माझ्यासाठी. आणि रोज लिहायचा, एक दिवसही चुकवला नाही. मंगला चुलीकडे तोंड करून बसली होती. ती म्हणाली, "माले माहीत व्हतं." तुझ्या बायकोला माहीत होतं, भटू. दोन महिने रोज संध्याकाळी ती माझ्याजवळ बसत होती आणि मी कधी बोलते याची वाट बघत होती. मला तिच्याकडे बघवलं नाही.

मग साहेबांना फोन लावला, तुझ्या खुंटीवरच्या जुन्या जाकिटाच्या खिशातल्या त्या कार्डावरच्या नंबरवर, जो तू मला दहा वेळा पाठ करायला लावला होतास. आधी फोन. साहेब आले, मी जबाब दिला. त्यांनी दोनदा विचारलं, बाई, हे तुमच्यावर येईल, कळतंय ना? मी म्हटलं, माझ्यावरच आहे. खाली सही केली, पूर्ण नाव, अंगणवाडी सेविका असं कंसात. पोलिसांचा कागद आला आहे, अंगणवाडीच्या ऑफिसातूनही बोलावणं आलं आहे. त्याचं पुढे काय होईल ते होईल. चौकशीत तुझ्याबद्दल आता वेगळं लिहिणार आहेत, तेवढं साहेबांनी वाचून दाखवलं. निष्काळजी हा शब्द काढला. खोटी नोंद केली हे मात्र राहील म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या, ते खरं आहे.

जबाबानंतर मी सुभाषआप्पांच्या घरी गेले. उभ्यानेच सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि खाटेवर बसले. मग म्हणाले, "म्हंजे मी बरोबर मोजेल व्हतं." आणि रडायला लागले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, शिव्या द्यायला हव्या होत्या. मी तशीच परत आले.

काल कंपनीची माणसं दगड हलवायला आली. चौघं, पहारी-फावडी घेऊन. निंबाखाली पोचले, शेंदूर बघितला, नारळाच्या करवंट्या, हळदकुंकू, आणि थबकले. एक जण चपला काढून पायाच पडला. साहेबांनी सांगितलं तरी कुणी हात लावेना. गाव जमलं होतं. एक म्हातारी म्हणाली, देव हलवलास तर तुझं वाटोळं होईल. मी तिला म्हटलं, काकू, हा देव नाही. हा शेंदूर माझ्या हातचा आहे, शनिवारी मारुतीच्या वाटीतून आणलेला. वाटोळं व्हायचं ते झालं.

मी पहार घेतली. तुझे दाजी आले. दगड जमिनीत चांगलाच रुतला होता, माझ्या आठवणीपेक्षा जड. जोर लावत होतो तर तिसरा हात आला. सुभाषआप्पा. माझ्याकडे न बघता त्यांनी दगडाखाली हात घातला आणि उचलला. आम्ही तिघांनी तो ढकलत, लोटत बांधाकडे नेला. मी मोठ्याने मोजलं. एक, दोन, तीन. बारा होईपर्यंत. साहेबांनी जमिनीवर यंत्र धरून नळीची जागा नक्की केली आणि दगडाचा जुना खड्डा तिथेच निघाला, शेताच्या तोंडाशी, ट्रॅक्टर वळतो तिथे. जळालेली काळी माती अजून तशीच आहे. नंतर मी रॉकेलच्या बोळ्याने शेंदूर पुसला. एका जागी नंबर दिसला, मग धोक्याची खूण. बराचसा शेंदूर माझ्या हातांना लागला, तो रात्रीपर्यंत निघाला नाही.

आज आखाजी. मंगलाने तुझ्या नावाची घागर भरली. नवी मातीची घागर, वर खरबूज, सांजोऱ्या, दोन कैऱ्या. पूनमने पानाभोवती पाणी फिरवलं. मी समोर बसले होते. तेव्हा रडू आलं, भटू. फार नाही. थोडंच आलं, पण आलं. तू म्हणाला होतास ना, आखाजीला दोघं मिळून सरकवू. मला चार आखाज्या लागल्या, आणि पाचवीला तू घागरीत आहेस. तुझा शब्द मी मोडला. त्याबद्दल तुझी माफी मागत नाही, तेवढी एक मागणार नाही. बाकी सगळ्याची मागते.

जेवणं झाल्यावर पूनमने कपाटातून तुझी कच्ची वही काढली, पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. फुई, तू लिही, म्हणाली. शेवटचं पान तुझ्या अक्षरातलं, त्या सकाळच्या आदल्या दिवसाचं. खाली बरीच जागा होती. मी आजची तारीख टाकली आणि लिहिलं, दगड जागेवर आहे.

सर्व ठीक, हे लिहिलं नाही.